चाक हवेत, जीव टांगणीला : पोरांच्या थराराचा हिशोब

तेरखेडा (ता. वाशी) : मागच्या आठवड्यात रात्री साडेनऊच्या सुमारास एका ग्रुपवर बावीस सेकंदांचा व्हिडिओ आला. महामार्गाच्या कडेचा सर्व्हिस रोड, मागे ढाब्याचे लाईट, आणि एक मोटारसायकल नुसत्या मागच्या चाकावर चाललेली. पाठीमागे बसलेलं पोरगं दोन्ही हात सोडून ओरडतंय. खाली लिहिलेलं, 'किंग'.

पत्रकार म्हणून माझ्या डोक्यात लगेच बातमी तयार झाली. महामार्गावर हुल्लडबाजांचा धुमाकूळ, पोलिसांचे दुर्लक्ष, नागरिकांतून संताप. मथळासुद्धा ठरला. मग व्हिडिओ परत एकदा बघितला आणि टाकीवरचं स्टिकर ओळखीचं वाटलं. ती गाडी माझीच होती. चालवणारा माझा पोरगा. बारावीला आहे, अठरा पूर्ण व्हायला अजून पाच महिने आहेत.

बातमी मी केली नाही, हे आधीच कबूल करतो. दुसऱ्याच्या पोराची असती तर केली असती, हेही खरं आहे. म्हणून आता हे लिहितोय.

त्या रात्री घरात जे व्हायचं ते झालं. आवाज चढला, घरची मध्ये पडली, गाडीची चावी मी देवळीत ठेवून कुलूप लावलं. पण पोराने दोन प्रश्न विचारले आणि मला लगेच उत्तर देता आलं नाही. पहिला : "पप्पा, तुम्ही विहिरीत उड्या मारायचा, ते काय होतं?" दुसरा : "एव्हरेस्ट चढणाऱ्यांचे सत्कार होतात, त्याच्या बातम्या तुम्हीच देता. ते जीवाशी खेळत नाहीत का?"

प्रश्न बरोबर आहेत. 'आजकालची पोरं बिघडली' असं म्हणून ते उडवून लावता येत नाहीत. जीव धोक्यात घालून मजा करणं शहाणपणाचं आहे का, असा प्रश्न असेल तर आधी धोका म्हणजे काय ते बघावं लागेल. आणि त्याबाबतीत आमच्या गावाला बाहेरून कुणी शिकवायला यायची गरज नाही.

तेरखेडा म्हटलं की लोकांना फटाके आठवतात. शोभेच्या दारूच्या कामावर इथली कितीतरी घरं चालतात. दिवाळी जवळ आली की लांबलांबची गिऱ्हाईकं इथून माल भरून नेतात. या कामाने पोटं भरली, तशी माणसंही नेली. आपल्या भागात स्फोट झाले, लोक भाजले, कुणाची बोटं गेली, कुणाचा अख्खा संसार गेला. 1 जानेवारी 2023 ला, नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी, शेजारच्या बार्शी तालुक्यात पांगरीजवळच्या फटाका कारखान्यात स्फोट झाला आणि कामावर गेलेल्या बायका घरी परत आल्या नाहीत. थरारासाठी गेल्या नव्हत्या त्या, रोजाने गेल्या होत्या.

व्हिडिओच्या दुसऱ्या दिवशी मी आयुष्यभर दारूकाम केलेल्या एका तात्यांकडे जाऊन बसलो. वय झालंय, आता काम करत नाहीत, पण हाताच्या कातडीवर सगळं लिहिलेलं आहे. त्यांना विचारलं, इतकी वर्षं कसं काढलं? त्यांनी जे सांगितलं त्यात शूरपणाचं काहीच नव्हतं. अंगात टेरिकॉट घालायचं नाही, सुती घालायचं. लोखंडी हत्यार जवळ नको. खिशात काडीपेटी नको, आता मोबाईलही नको. एका खोलीत मोजकीच माणसं आणि मोजकाच माल. आभाळ कडाडायला लागलं की हातातलं काम तसंच ठेवून बाहेर यायचं. घरात भांडण झालं असेल, मन ठिकाणावर नसेल, तर त्या दिवशी कामावर जायचंच नाही, मालकाने कितीही निरोप पाठवू दे. म्हणाले, "आमच्यातले जे गेले, त्यातले काही नशिबाने गेले. काही मात्र 'आज एवढं उरकूनच उठू' म्हणाले आणि गेले."

मग मी त्यांना व्हिडिओ दाखवला. पोराचं नाव सांगितलं नाही. ते बराच वेळ बघत राहिले. ओरडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "पडायचं कसं, हे शिकलाय का हा?"

आता माझ्या विहिरीचं सांगतो.

आमच्या लहानपणी पोहायला शिकवायची एक पद्धत होती. पाठीला वाळका भोपळा नाहीतर तेलाचा रिकामा डबा बांधायचा, कमरेला दोर, आणि दोराचं दुसरं टोक काठावर बसलेल्या चुलत्याच्या हातात. पहिले दोन दिवस रडायचं, आठव्या दिवशी डबा सुटायचा. मग पायरीवरून उडी, मग धावेवरून, मग थेट काठावरून. प्रत्येक वेळी उंची वाढायची, पण वाढवायची कधी ते चुलता ठरवायचा. त्या उडीत जी मजा होती ती मी नाकारणार नाही. पाय सुटले की पोटात जो गोळा यायचा, त्यासारखं सुख नंतर फार कमी वेळा मिळालं. पोराला मी खोटं कशाला सांगू?

पण माझ्या नडगीवर नऊ टाक्यांची खूण आहे, ती त्या शिकण्याची नाही. ती वेगळ्या दुपारची आहे. मे महिना होता, विहिरीचं पाणी खाली गेलेलं, आम्ही चौघं-पाचजण होतो आणि कुणीतरी पैज लावली. चुलता नव्हता. पाणी किती आहे हे मी बघितलं नाही. बघितलं असतं तर घाबरट ठरलो असतो. उडी मारली ती सरळ पंपाच्या पाईपवर. शेजारच्या रानातला गडी धावत आला म्हणून मी आज हे लिहितोय. विहीर तीच, उडी तीच. फरक एवढाच होता की त्या दुपारी 'नको' म्हणून काठावरून मागे फिरायची सोय मला उरली नव्हती. चौघं बघत होते ना.

या चौघांवर अमेरिकेत अभ्यास झालाय. 2005 साली टेम्पल विद्यापीठातल्या संशोधकांनी लहान पोरं, तरुण आणि मोठी माणसं यांना संगणकावर गाडीचा खेळ खेळायला दिला. सिग्नल पिवळा झालाय, गाडी पुढे दामटायची की थांबवायची, असा तो खेळ. एकट्याने खेळताना तिन्ही गटांत फार फरक नव्हता. मित्र शेजारी बसवले की शाळकरी वयाची पोरं जास्त धोका घ्यायला लागली, तरुणही थोडेफार तसेच. मोठ्यांवर मित्रांचा काही परिणाम दिसला नाही. म्हणजे पोरांना धोका कळत नाही असं नाही. बघणारे असले की कळत असूनही वळत नाही. आणि आमच्या वेळी बघणारे चौघं होते, आता मोबाईलमध्ये चार हजार आहेत. त्यातही ते दिसत नाहीत, नुसता त्यांचा आकडा दिसतो.

आता पोराचा दुसरा प्रश्न, एव्हरेस्टचा. यावर मी जास्त विचार केला, कारण ही उदाहरणं लांबची नाहीत, आपल्या मराठवाड्यातली आहेत.

औरंगाबादचे, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचे पोलीस कर्मचारी रफिक शेख. 2014 ला एव्हरेस्टला गेले तर तिथे हिमकडा कोसळून सोळा शेर्पा गेले आणि मोहिमा थांबल्या. 2015 ला परत गेले तर नेपाळचा भूकंप झाला. परत आले. 2016 ला तिसऱ्यांदा गेले आणि शिखरावर पोचले. तीन वर्षं, दोन वेळा रिकाम्या हाताने परत.

त्याच शहरातल्या प्राध्यापिका मनीषा वाघमारे यांचं तर मला त्याहून विशेष वाटतं. 2017 साली त्या शिखराच्या इतक्या जवळ होत्या की दोनशे मीटरपेक्षाही कमी अंतर उरलं होतं. आपल्या गावात बसस्टँडपासून शाळेपर्यंतही त्याहून जास्त चालावं लागतं. हवा बिघडली. लाखो रुपये खर्च झालेले, वर्षानुवर्षं तयारी केलेली, मागे सगळा जिल्हा वाट बघतोय. आणि बाई तिथून मागे फिरल्या. पुढच्या वर्षी, मे 2018 मध्ये, परत गेल्या आणि शिखरावर उभ्या राहिल्या. 2017 ची ती बातमी वाचताना आपण 'अरेरे, थोडक्यात हुकलं' म्हणालो असू. मला आता वाटतं, त्यांचं सगळ्यात अवघड काम त्या दिवशीच झालं होतं.

मागे न फिरणाऱ्यांचं काय होतं, तेही तिथेच दिसलंय. 1996 च्या मे महिन्यात एव्हरेस्टवर एका वादळात आठजण मेले. दुपारी अमुक वाजता, शिखर हाताशी असलं तरी, खाली फिरायचं असा तिथला दंडक असतो. त्या दिवशी कितीजण तो मोडून वर चढत राहिले. त्यांच्यात अनुभवी वाटाडे होते. पैसे भरून आलेले लोक सोबत होते. 'आज एवढं उरकूनच उठू' हे तात्यांचं वाक्य तिकडेही लागू पडतं.

कुणी म्हणेल, ही शिकलेल्या, पगारदार माणसांची उदाहरणं झाली. तर 2018 च्याच मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांतली पाच आदिवासी मुलं एव्हरेस्टवर चढली. चार पोरं आणि एक पोरगी, मनीषा धुर्वे. आदिवासी विकास विभागाची ती 'मिशन शौर्य' मोहीम. आपल्यापेक्षा गरीब घरची लेकरं. पण त्यांना आधी निवडलं, महिनोन्महिने पळवलं, दार्जिलिंगला नेलं, लडाखच्या थंडीत ठेवलं, मग डोंगर दाखवला. जी मुलं मोहिमेवर गेली त्या सगळ्यांना शिखर मिळालं नाही. कुणाची तब्येत साथ देईना म्हणून खाली आणलं. त्यांना कुणी घाबरट म्हटलं नाही.

आणि याच्या अगदी उलटं उदाहरणही महाराष्ट्रातलंच आहे. 2016 साली पुणे पोलीस दलातल्या एका जोडप्याने एव्हरेस्ट चढल्याचं जाहीर केलं. सत्कार सुरू झाले. मग दुसऱ्या गिर्यारोहकांनी फोटो तपासले तर ते जोडकाम निघालं. नेपाळ सरकारने त्यांच्यावर दहा वर्षांची बंदी घातली, पुढे नोकरीही गेली. मला यात हसू येतं ते एकाच गोष्टीचं. त्यांना डोंगर नको होता, डोंगरावरचा फोटो हवा होता. आपल्या सर्व्हिस रोडवर रात्री काय चाललंय? पोरांना गाडी चालवायची हौस असती तर अंधारात, कुणी नसताना चालवली असती. पण फोन धरायला एकजण लागतोच.

अर्थात एका गोष्टीसाठी मी पोरांच्या बाजूने बोलणार आहे. 'किंग' हा शब्द पोराने स्वतःसाठी का लिहिला असेल? गावातल्या वीस-पंचवीस वर्षांच्या पोरांकडे बघा. भरतीची तयारी करून पाय झिजले, जागा निघत नाहीत. शेती करतो म्हटलं की पोरगी मिळत नाही. सोयाबीनच्या भावाने बापाचं तोंड उतरलेलं. घरात कुणी नीट बोलत नाही. मग बावीस सेकंद का होईना, कुणीतरी त्याला राजा म्हणतंय. आपण त्या बावीस सेकंदांवर चिडतो, उरलेल्या दिवसाचं काय ते विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं.

सणाचा थरार तर आपण मोठ्यांनीच वाढवला. दहीहंडी बघा. 2014 साली मुंबई उच्च न्यायालयाने वीस फुटांची मर्यादा घातली आणि अठरा वर्षांखालच्या मुलांना वर चढवायचं नाही असं सांगितलं. पुढे 2017 ला उंचीची मर्यादा उठली. चौदा वर्षांखालच्या मुलांना चढवणार नाही, असं सरकारने न्यायालयात सांगितलं. ऑगस्ट 2022 मध्ये विधानसभेत घोषणा झाली की दहीहंडी हा साहसी खेळ, गोविंदांना विमा, खेळाडूंच्या आरक्षणातून नोकरीची संधी. चांगलं आहे. पण ऑगस्ट 2025 मध्ये दहिसरला सरावाच्या वेळीच एक मुलगा थरावरून पडून गेला. वय वर्षं अकरा. चौदाचा नियम कागदावर तसाच होता.

स्पेन देशात कॅटालोनिया भाग आहे, तिथेही असेच माणसांचे मनोरे रचतात. 2010 साली युनेस्कोने त्या परंपरेला जागतिक वारसा म्हणून मान दिला. तिथेही सगळ्यात वर लहान लेकरूच चढतं. 2006 साली एक मुलगी पडून गेली. त्यानंतर तिथे वर चढणाऱ्या मुलांच्या डोक्यावर खास बनवलेलं मऊ हेल्मेट आलं. सण बंद पडला नाही आणि मुलंही वाचायला लागली. आपल्याकडे आता हंडीचा आजार तालुक्याच्या गावांतही आलाय. डीजे, बक्षिसाचा बोर्ड, त्यावर पुढाऱ्यांचे फोटो. खाली गादी अंथरायला मात्र पैसे नसतात. एखाद्या पुढाऱ्याच्या फोटोएवढ्या आकाराची गादी घातली तरी बरंच काम होईल, असं मला कधीकधी वाटतं.

शंकरपटाचं मी थोडक्यात सांगतो, कारण त्यावर पुष्कळ लिहून झालंय. 2014 ला बंदी, डिसेंबर 2021 ला सशर्त परवानगी, 18 मे 2023 ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, पन्नास हजार अनामत, धाव हजार मीटरपेक्षा जास्त नको, बैलाला चाबूक-टोचणी नको. म्हणजे बैलाच्या अंगासाठी नियम झाले, त्यासाठी लोक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. सर्व्हिस रोडवरच्या पोराच्या अंगासाठी कोण जाणार?

नियम आहेत, पण आपल्याला माहीत नाहीत. मलाही हे परवाच नीट वाचल्यावर कळलं. मोटार वाहन कायद्यात रस्त्यावर शर्यत लावण्याबद्दल कलम 189 आहे. पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, परत सापडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजार. त्याहून जड आहे 2019 च्या दुरुस्तीतलं कलम 199-अ. अठरा वर्षांखालच्या पोराने गाडीवर गुन्हा केला तर दोषी धरतात पालकाला आणि गाडीमालकाला. तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि पोराला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. माझ्या बाबतीत पालकही मीच आणि गाडीमालकही मीच.

दुसरी गोष्ट शेतकऱ्याच्या घरातल्या प्रत्येकाने वाचावी अशी आहे. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना. दहा ते पंच्याहत्तर वयाच्या शेतकऱ्याचा किंवा त्याच्या घरातल्या माणसाचा अपघाती मृत्यू झाला तर दोन लाख रुपये मिळतात. दोन अवयव गेले तरी दोन लाख, एक गेला तर एक लाख. वीज पडणं, साप चावणं, विजेचा शॉक, पाण्यात बुडणं, उंचावरून पडणं, रस्त्यावरचा अपघात, हे सगळं त्यात आहे. तालुका कृषी अधिकाऱ्याकडे तीस दिवसांत अर्ज करायचा असतो. पण त्याच योजनेत काय बसत नाही त्याचीही यादी आहे. दारू किंवा नशेत असताना झालेला अपघात बसत नाही. आणि त्या यादीत सरळ लिहिलंय, मोटार शर्यतीतील अपघात. म्हणजे रानात काम करताना पोरगं गेलं तर घराला दोन लाख मिळतात, शर्यत लावताना गेलं तर काही नाही. पैशाने पोर परत येत नाही, मान्य आहे. पण पोर गेल्यावर दवाखान्याचं बिल, सोसायटीचं कर्ज आणि बहिणीचं लग्न मागे राहतंच. थरार एकट्याचा असतो, हप्ते सगळ्या घराचे.

शहरातला माणूस पैसे देऊन हीच मजा घेतो तेव्हा त्याच्या कमरेला दोर असतो, डोक्यावर टोपी असते, सोबत जाणकार असतो. राज्य सरकारचं 2021 पासून साहसी पर्यटनाचं धोरण आहे. असे खेळ चालवणाऱ्याने नोंदणी करायची, प्रशिक्षित माणूस ठेवायचा, सुरक्षेचं सामान ठेवायचं, असं त्यात आहे. ते धोरण आपल्या रामलिंगच्या धबधब्यावर पोचलेलं नाही. पाऊस लागला की येडशीच्या त्या घाटात आपली पोरं गाड्या भरून जातात. शेवाळलेल्या दगडावर चप्पल घालून चढतात आणि पाठ पाण्याकडे करून फोनकडे बघतात. नळदुर्गच्या नर-मादी धबधब्यालाही तेच. जून 2024 ला खुलताबाद तालुक्यात सुलीभंजनच्या दत्त मंदिराच्या डोंगरावर रील करताना एक तरुण मुलगी गाडीसकट दरीत गेली. गाडी चालवायला शिकलेली नव्हती. गाडी मागे घेताना पाय ॲक्सिलेटरवर पडला. पुढच्याच महिन्यात रायगड जिल्ह्यात कुंभे धबधब्यावर दुसरी. दोन्ही वेळा व्हिडिओ आपण सगळ्यांनी बघितले, पुढे पाठवले, आणि आठ दिवसांनी विसरलो.

मला जास्त भीती मात्र धबधब्याची वाटत नाही. ती शेततळ्याची वाटते. गावोगाव शेततळी झाली, चांगलं झालं, माझंही आहे. पण विहिरीला पायऱ्या असायच्या, कपारी असायच्या, हाताला काहीतरी लागायचं. शेततळ्याला चारी बाजूने प्लास्टिकचा कागद. ओला झाला की साबणासारखा. उत्तम पोहता येणारा गडीसुद्धा आत पडला तर काठापर्यंत पोहत येतो आणि तिथून घसरून परत मध्ये जातो. पाचव्या-सहाव्या वेळी दम सुटतो. आणि पोरांना ते निळं पाणी बघून राहवत नाही, उन्हाळ्यात तर नाहीच. आत जाता येतं, मागे फिरता येत नाही, अशी ती जागा आहे. विहिरीच्या त्या दुपारी माझं जे झालं तेच, फक्त इथे बघणारे चौघंही नसतात.

तर पोराला मी चार दिवसांनी उत्तर दिलं. भाषण केलं नाही, भाषणाची त्याला सवय झालीय. त्याला म्हटलं, "वाघमारे बाई दोनशे मीटर उरलेले असताना फिरल्या. तू त्या रात्री चाक उचलल्यावर, समोरून ट्रक आला असता, तर काय केलं असतंस?" तो म्हणाला, "खाली घेतलं असतं." मी म्हटलं, "आणि मागचा हात सोडून उभा होता तो?" यावर तो गप्प बसला. मागचा पोरगा शेजारच्यांचा आहे. त्याच्या आईला अजून हे माहीत नाही. हा लेख वाचून कळेल, म्हणून आज सकाळी मी आधी त्यांच्या घरी जाऊन आलो. ती बाई मला काही बोलली नाही, चहा दिला. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

गावाने काय करावं, यावर माझ्याकडे मोठी योजना नाही. तालमीची जागा आहे, तिथे सध्या खताची पोती आहेत. माती टाकून कुस्ती आणि मल्लखांब परत सुरू करता येईल. शिकवायला एक जुने पैलवान तयार आहेत, मी विचारलंय. मल्लखांबावरून पडतात तेव्हाही लागतं, पण तिथे आधी पडायला शिकवतात. ग्रामपंचायतीला अर्ज दिलाय. ग्रामसेवक म्हणाले, पुढच्या मासिक सभेत विषय घेऊ. बघू. सभा झाली की त्याची बातमी करीन, आणि विषय घेतला नाही तर त्याचीही करीन.

पोराने कळसूबाईला जायची परवानगी मागितलीय, कॉलेजमधले सातजण चाललेत. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, 1646 मीटर. मी हो म्हटलं. पावसाचा जोर कमी झाल्यावर, वाटाड्या घेऊन, आणि तो 'फिरा' म्हणाला तर फिरायचं. बस किंवा रेल्वेने जायचं, गाडीची चावी सध्या माझ्याकडेच राहील.

रविवारी आम्ही दोघांनी शेततळ्यावर काम केलं. जुने चार टायर, जाड नायलॉनचा दोर, दर दोन फुटांवर गाठ. चारी बाजूंना काठावर लोखंडी खुंट्या ठोकून दोर पाण्यापर्यंत सोडले. सगळं मिळून बाराशे रुपये आणि अर्धा दिवस गेला. झाल्यावर पोरगं कपडे काढून पाण्यात उतरलं आणि प्रत्येक दोर धरून वर येऊन बघितलं. पूर्वेकडच्या दोराची गाठ सुटली, ती परत बांधली. मी काठावर बसलो होतो.